कागदाची कोरी बाजू

३ मार्च, मंगळवार

पाणी भरून झालं होतं. दोन बादल्या, एक पिंप. भांडी घासून पालथी घातलेली. मी पीठ चाळत बसले होते, स्टोव्हवर चहा उकळत होता, हे मोरीत दाढी करत होते. आणि मुलगा एका पायात बूट, दुसरा हातात, असा धावत आला. "आई, यावर सही कर, लवकर, नाहीतर बाई वर्गाबाहेर उभं करतील." मी पिठाचे हात पुसले. कागद धरला. मनात दहा मोजले. कागद उलटला, मागे पुन्हा दहा मोजले. मग सही केली. "वाचलंस?" – "वाचलं की." मोरीतून हे ओरडले, "सहलीला जायचंय तर स्वेटर घेऊन जा म्हणावं त्याला." तेव्हा मला कळलं की कागद सहलीचा होता. हे त्याच्या दप्तरातून आधीच पाहून ठेवायचे.

ही सकाळ आज कशी आठवली? तर या नव्या घराच्या दारावर कोणीतरी कागद चिकटवून गेलं. नात म्हणाली, "आजी, काय लिहिलंय?" आणि मी चष्मा लावून उभी राहिले आणि मनात दहा मोजले. त्रेसष्टाव्या वर्षी! मग माझं मलाच हसू आलं. म्हटलं, "मला नाही येत गं यांची लिपी." किती सहज बोलले. इथे आम्हा चौघांपैकी कोणालाच ती येत नाही. सगळेच अडाणी, म्हणून मी निवांत.

वही, तुला एकटीला सांगते. एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत मला वाचता येत नव्हतं. सही तेवढी येत होती, ती ह्यांनी लग्नानंतर गिरवून घेतली. ह्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. हे जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे आता कोणालाच माहीत नाही.

४ मार्च

आज एकटी दुकानात गेले. मीठ मागितलं आणि मीठच मिळालं.

७ मार्च, शनिवार

दोन महिने झाले आम्हाला येऊन. अजून खिडकीला पडदा नाही. मुलगा म्हणतो पुढच्या आठवड्यात. त्याचा पुढचा आठवडा मला पाळण्यापासून ठाऊक आहे.

तिकडे लोक विचारायचे, मुलगा काय करतो? मी सांगायचे, पाय करतो. त्यांना वाटायचं, नवरा गेला आणि बाई चळली. पण खरंच तो पाय करतो. ज्यांचा पाय गेला त्यांना संस्था फुकट पाय देते, आणि ते करायला संस्थेने याला साता समुद्रापलीकडे बोलावून घेतलं. सून शेजारच्या खोलीत त्यांना चालायला शिकवते. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडल्या. माहेरच्यांनी सुनेला खूळ लागलं म्हटलं. ती म्हणाली, लागलंय खरं.

कामाची जागा म्हणजे जुनं गॅरेज. जमिनीवर अजून तेलाचे डाग आहेत. एका भिंतीला पाय टांगलेले, प्रत्येकाला नंबर. पहिल्या दिवशी मी बिचकले होते, आता त्यांच्याखाली बसून चहा पिते. मुलगा आधी उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळतो. तो साचा वाळला की त्यात प्लास्टर ओतून पायाची जुळी मूर्ती करतो. मग तासन्‌तास कानशीने घासत बसतो. त्या मूर्तीवरून प्लास्टिकची वाटी होते, आणि त्या वाटीत माणसाने सगळा भार टाकायचा. तांदळाच्या दाण्याएवढं चुकलं तरी माणूस लंगडतो. इथला म्हातारा मिस्त्री चाळीस वर्षं खुर्च्या करत होता, तो याचा हात बघतो आणि मान हलवतो. मिस्त्रीची दाद म्हणजे काय ते लाकडाच्या वखारीत जन्म काढलेल्याच्या बायकोला विचारा.

मी मोजे शिवते. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये घालायचे, बोटं नसलेले, पिशवीसारखे मोजे. आजपर्यंत दोनशे सहा. शिवण उलटी राहिली तर टोचते, म्हणून प्रत्येक मोजा आधी स्वतःच्या कोपरावर चढवून बघते.

उद्घाटनाच्या दिवशी मुलाने भाषण केलं होतं. "मी इथे आहे तो आईमुळे. वडील नाही म्हणाले असते. आईने त्यांना वळवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या हातात फुलं दिली. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. पण मी खाली बघत होते.

ह्यांचा फोटो माझ्या खोलीत आहे. बाहेरच्या खोलीत नाही. मुद्दाम कोणी तसं केलं नाही. पण तसं आहे खरं.

११ मार्च

सून आज जेवली नाही. पाय नेलेली माणसं महिन्याभरात जखमा घेऊन परत येतात. कोणाची कातडी सोललेली, कोणाला फोड. पाय चांगला आहे, वाटी बरोबर बसते, मुलाने तीनतीनदा तपासलं. मग?

सून म्हणते, "आई, सांगितलेलं पाळतच नाहीत हो. कागदावर सगळं लिहून दिलंय, त्यांच्याच भाषेत. पहिल्या दिवशी अर्धाच तास पाय घाला. काढून कातडी आरशात बघा. लाल डाग दहा मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी पुन्हा घालू नका. रोज अर्धा तास वाढवा. हे लोक पहिल्याच दिवशी घालतात ते झोपतानाच काढतात."

"आनंद झाला असेल गं."

"आनंद झाला म्हणून कातडी दुसरी येते का?"

संस्थेच्या मोठ्या कचेरीचा नियम असा – दोनदा जखम झाली की कार्डावर 'निष्काळजी' लिहायचं आणि पाय परत घेऊन रांगेतल्या पुढच्याला द्यायचा. तिनेच लिहायचं. अकरा कार्डांवर लिहून झालंय. महिनाअखेरीला यादी वर जाणार, आणि एकदा यादीत गेलेल्याला पुन्हा पाय नाही. लिहिताना तिचं अक्षर बदलतं. एरवी टपोरं आहे.

१६ मार्च, सोमवार

सोमवारी आणि गुरुवारी कागद देतात. मी आज मशीन बाहेरच्या पडवीत घेतलं होतं, म्हणून सगळं समोर दिसलं.

एक बाई येते, बेकरीत भट्टीवर पाव भाजते. गुडघ्याखाली पाय नाही. वय माझ्याएवढं, आवाज माझ्या दुप्पट. ती आली की गरम पिठाचा वास येतो. तिला एकदा जखम झाली होती, ती भरली, म्हणून आज पाय पुन्हा दिला. सुनेने नवा कागद हातात ठेवला, दुभाषी बाईने समजावलं, ते भराभरा – बाकावर आणखी वीस जण. मग विचारलं, "वाचून कळेल ना?"

पाववालीने कागद डोळ्यांसमोर धरला. वरून खालपर्यंत नजर नेली. सावकाश. मग उलटला आणि मागच्या बाजूवरूनही तशीच, तेवढाच वेळ नजर फिरवली. मग मान डोलावली आणि वहीत सही केली – अशी झोकदार, खाली वळसा काढून, की एखादा साहेब लाजेल.

कागदाची मागची बाजू कोरी आहे.

माझ्या मशीनचा धागा तुटला. मी तो पुन्हा ओवला नाही. पुढच्या वीस जणांना बघत बसले. सगळे कोरी बाजू वाचत नव्हते, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाने चष्मा घरी राहिला म्हणून खिसे चाचपले. एकीने घडी घालून पोटाशी धरला, म्हणाली, घरी निवांत वाचीन. एकाने मुळीच न बघता हसून खिशात टाकला. या सगळ्या तऱ्हा माझ्या आहेत. चष्म्याची तर मी डोळे ठणठणीत असताना वापरली होती.

निष्काळजी कुठले. किती काळजी लागते त्याला, माझं मला माहीत.

१७ मार्च

आज काही लिहिण्यासारखं नाही. सात मोजे.

१९ मार्च, गुरुवार

सुनेला सांगितलं पाहिजे. सरळ आहे – त्यांना वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं. ती विचारेल, तुम्हाला कसं कळलं? मग काय सांगू?

वही, आता मूळ गोष्ट लिहूनच टाकते.

मुलगा अठराव्या वर्षी वसतिगृहात गेला. इंजिनिअर व्हायला. ह्यांचंच ते स्वप्न. वखारीत दुसऱ्याची लाकडं मोजायची, उन्हापावसात उभं राहायचं, तर मुलाने तरी खुर्चीत बसावं. वर्ष झालं नाही तोच पत्र आलं. वर लिहिलेलं – फक्त आईसाठी. पत्र ह्यांनीच आणून दिलं आणि नेहमीसारखं ह्यांनीच वाचलं. दुसरं कोण वाचणार? मी भाजी निवडत होते. 'आई, बाबांना सांगू नकोस.' इथपासून सुरुवात. मला इथे शिकायचं नाही. मला अपंगांसाठी पाय बनवायला शिकायचंय. बाबा ऐकून घेणार नाहीत. आणखी बरंच होतं. ह्यांच्याबद्दल एक वाक्य होतं, ते मी इथे लिहीत नाही.

हे वाचून थांबले. मी म्हटलं, "आता काय करायचं?" हे म्हणाले, "मला काय विचारतेस? पत्र तुझं आहे. मी कुठे काय ऐकलंय." आणि चप्पल घालून कामावर गेले.

सुट्टीत मुलगा आला. तिसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "तुझ्या आईने माझं डोकं खाल्लंय. जा, काय पाय करायचे ते कर." मी वाढत होते, तशीच उभी राहिले. मी एका शब्दाने बोलले नव्हते. मुलाने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू – देवाकडे कोणी तसं बघत नसेल. आणि हे खाली मान घालून जेवत होते. पत्र वाचलं म्हणून सांगावं, तर माझं अडाणीपण उघडं पडतं. म्हणून ह्यांनी सगळा मान माझ्या ओटीत टाकला, आणि 'विरोध करणारा बाप' हे स्वतःकडे ठेवून घेतलं.

चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून बापलेक पाहुण्यांसारखे वागले. शेवटच्या आजारातही मुलगा औषधं वेळेवर देत होता, पाय चेपत होता, आणि दोघं हवापाण्याविषयी बोलत होते. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ह्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी लगेच ऐकलं. मलाही तेच सोयीचं होतं ना.

आणि त्याच पत्रावर मी वाचायला शिकले. हे कामावर गेले की मी पत्र काढायचे. ऐकून पाठ झालेलं होतं. 'आई' कुठे असणार ते माहीत होतं, मग 'आई'तला 'आ' दुसरीकडे कुठे आहे ते शोधायचं. एकेक शब्द बोटाखाली धरून. सहा महिने लागले. मग मुलाची जुनी पुस्तकं, मग रद्दी, मग वाचनालय. आज आमच्या घरात सगळ्यांत जास्त वाचणारी मी. मुलगा सगळ्यांना सांगतो, "आई लहानपणापासून पुस्तकातला किडा." मी कधी नाही म्हटलं नाही.

तेव्हा हे असं आहे. तोंड उघडलं तर मुलगा हिशोब करणार. एकोणचाळीस वर्षं – म्हणजे ते पत्र कोणी वाचलं?

२३ मार्च, सोमवार

आडून आडून प्रयत्न केला. सून भाजी चिरत होती. म्हटलं, "त्या कागदावर चित्रं काढली तर?"

"कशाला? लिहिलंय ना सगळं."

"एखाद्याला वाचता येत नसेल तर?"

"आई, मी प्रत्येकाला विचारते. सगळे हो म्हणतात. सही करतात."

"सही येते म्हणून वाचता येतं असं नाही."

ती चिरायची थांबली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाज."

मुलगा बाहेरून म्हणाला, "आई, तू पुस्तकांच्या जगातली. तुला वाटतं सगळ्यांची कहाणी असते. काही माणसं साधी निष्काळजी असतात गं."

इतकी वर्षं ज्याचा अभिमान मिरवला तेच आता आड आलं. मी 'असेल बाबा' म्हटलं आणि मीठ जास्त घातलं. सगळे पाणी पीत राहिले.

२६ मार्च, गुरुवार

पाववाली आली. उरलेल्या पायावर रुपयाएवढी जखम. दुसऱ्यांदा.

तिला नियम कळला होता, म्हणून पाय घालून आलीच नाही. कुबड्यांवर आली. पाय पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळून आणला होता. पुसून, घासून, चकचकीत. आत मोजे धुवून, इस्त्री करून ठेवलेले – मी शिवलेले चार. तिने तो टेबलावर ठेवला, जसं कोणाचं मूल परत द्यावं. काही भांडली नाही. दुभाषी बाईला एवढंच म्हणाली, "यांना सांग, पाय चांगला होता. माझंच चुकलं." आणि वहीत ती झोकदार सही करून गेली.

माझंच चुकलं! हे वाक्य मी किती जणांना म्हटलंय. रेशनच्या खिडकीला, शाळेच्या बाईंना. एक 'वाचता येत नाही' एवढं म्हणायचं नाही, त्यापायी बाकी सगळं कबूल.

सून सामानाच्या खोलीत गेली, दार लावलं. बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते. कार्ड काढलं आणि लिहिलं. बारावं.

२९ मार्च, रविवार

अहो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' पण ही मूठ तुमची होती हो. मी नुसती मिरवली. आणि आता ती मूठ झाकायची म्हणून बारा माणसांनी कुबड्या धरायच्या?

तुम्ही माझी लाज राखलीत आणि मुलगा गमावलात. एवढी महाग लाज मला अंगावर सोसवत नाही. उद्या सोमवार आहे.

३० मार्च, सोमवार

सकाळी मिस्त्रीला खुणेने सांगितलं – कणीक मळल्यासारखं केलं, लंगडले, आणि 'आण' म्हणून हात केला. तो हसत सुटला, पण समजला. पाववालीला घेऊन आला. ती सगळ्यांत मागच्या बाकावर बसली, एखाद्या आरोपीसारखी.

बाकांवर बावीस जण. सुनेने कागद वाटायला घेतले. मी उठले. म्हटलं, "मला दोन मिनिटं बोलू दे. तू इंग्रजीत सांग, दुभाषीबाई यांच्या भाषेत सांगेल." माझं एक वाक्य तीन घरं फिरून पोहोचतं इथे. सून म्हणाली, "मोज्यांबद्दल ना?" म्हटलं, "नाही."

मी एक कागद घेतला. डोळ्यांसमोर धरला, नजर वरून खाली नेली, मोठ्याने दहापर्यंत मोजलं. कागद उलटला. कोऱ्या बाजूवर पुन्हा दहापर्यंत. मग गंभीर तोंड करून मान डोलावली.

दोन्ही पाय गेलेला एक म्हातारा फुसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

मी हात वर केला. म्हटलं, "मला एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत वाचता येत नव्हतं. सही फक्कड करायचे. घरात कोणाला कळू दिलं नाही."

सून बोलायची थांबली. "आई, हे असंच सांगू त्यांना? म्हणजे... खोटं असलं तरी?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं. सांग."

तिने सांगितलं. दुभाषीबाईने सांगितलं. मी हात तसाच वर ठेवून उभी. हात दुखायला लागला. वाटलं, झालं, म्हातारीचं हसं.

म्हाताऱ्याने हात वर केला. मग चष्मा विसरणाऱ्याने. मग एकेक.

पाववालीने नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिने काहीतरी विचारलं, ते तीन घरं फिरून माझ्याकडे आलं – "तू कोणाला सही करून दाखवायचीस?"

"मुलाला."

तिने हात वर केला. खांद्याच्या वर नाही, पण केला.

सतरा हात. बावीसमधले सतरा. बारा कार्डांतले, जे आले होते ते सगळे त्यात.

माझ्या सुनेचं मला आज कौतुक लिहायचंय. ती रडली नाही, माझ्याकडे बघत बसली नाही. कागद टेबलावर पालथे टाकले आणि बाकांसमोर जमिनीवर बसली. विचारलं, "अर्धा तास झाला हे तुम्हाला कशावरून कळतं?" पाववाली म्हणाली, एक घाणा पाव भाजून निघतो तेवढा वेळ. म्हातारा म्हणाला, एक सिगरेट संपेपर्यंत दहा मिनिटं होतात – आणि सिगरेट आता डॉक्टरच्या हुकमाने, असंही म्हणाला. सगळे हसले. पहिल्या दिवशी एक घाणा. दुसऱ्या दिवशी दोन. डाग सिगरेटभर राहिला तर पाय बाजूला. अर्ध्या तासात सगळ्यांनी पाठ म्हणून दाखवलं. यादी सुनेने चार तुकडे करून टोपलीत टाकली. म्हणाली, वर मी उत्तर देईन. आणि भिंतीवरून पाववालीचा नंबर काढून पाय तिच्या मांडीवर ठेवला – जखम भरेपर्यंत घालू नका, पण घरी न्या. पाववाली त्यावरून हात फिरवत राहिली.

वळले तर प्लास्टरच्या खोलीच्या दारात मुलगा उभा. कोपरापर्यंत हात पांढरे, वाळत आलेले. कधीचा उभा होता कोण जाणे. त्याला दुभाषी लागत नाही. माझं बोलणं त्याच्यापर्यंत सरळ गेलं.

"मग माझं पत्र कोणी वाचलं?" एवढंच म्हणाला.

"घरी सांगते."

तो आत गेला. बराच वेळ नळ चालू होता.

१ एप्रिल, बुधवार

सोमवारी संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. पत्र तुझ्या बाबांनी वाचलं. मी कोणाचं डोकं खाल्लं नाही. मी एक शब्द बोलले नव्हते.

तो म्हणाला, "त्यात एक वाक्य होतं."

"होतं." – मला बाबांसारखं दुसऱ्याची लाकडं मोजत मरायचं नाही.

"ते गाळलं असेल त्यांनी."

म्हटलं, गाळलं असतं तर मला कधी कळलंही नसतं. पण मी पुढे त्याच पत्रावर वाचायला शिकले, शब्दाला शब्द लावून. एकही कमी भरला नाही. ते वाक्यही त्यांनी बाकीच्यांसारखंच वाचलं, आवाज न बदलता, आणि पुढच्या ओळीवर गेले.

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "आई, कसं वाचलं ते मला ऐकव." म्हटलं, उद्या, उजेडात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर निघण्याआधी, मी ट्रंकेतून पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याला वाचून दाखवलं.